आल्याचा कोंब

फार मागं, येसूच्या परसात एका फुटक्या घड्यात म्हातारं आलं पुरलेलं होतं. त्याला कोंब फुटला आणि आईच्याच अंगावर पोसत उंच झाला.

सासऱ्यांना खोकला लागला की येसू माती उकरायची. उपटण्याआधी विचारायची, "आलेबाई, येतेस का काढ्याला?" म्हातारी माती घट्ट धरून बसली की येसू तशीच परत जायची.

कोंब वैतागला. "आई, जा की एकदाची! किती जागा अडवतेस!"

"तुझी मुळं धरली का रे?"

"केव्हाच! मी काय तान्हा आहे?"

म्हातारीनं लेकराचा शब्द खरा मानला. एके सकाळी सासऱ्यांना धाप लागली होती. येसूनं विचारलं आणि म्हातारी अलगद हाती आली. येसूनं कोंब तेवढा मोडून पुन्हा मातीत खोचला.

"आता जागाच जागा!" कोंब म्हणाला. तहान लागली तेव्हा त्याला कळलं, आपल्याला मुळंच नाहीत. ऊन चढलं, पानं लोंबली. "आई गं!" त्यानं हाक मारली.

स्वयंपाकघरात काढा उकळत होता. खिडकीतून वास आला. तो आईच्या अंगाचा वास कोंबानं ओळखला, आणि मान टाकली.