हिरोजी चिलटाचा कडक उपास

केळी फुकट कुजायची, त्या काळची गोष्ट. एका फळवाल्याच्या टोपलीत चिलटांचं मोठं गोत नांदत होतं. महिना भरला की चिलट म्हातारं होई. सगुणाआजी मात्र दोन महिन्यांची होऊनही तुरुतुरु उडायची.

"आजी, एवढं आयुष्य कशानं गं?" पोट सुटलेल्या हिरोजीनं विचारलं.

"अर्ध्या पोटावर उठते, बाबा. दुसरं काही नाही."

हिरोजीनं त्याच दिवशी उपास धरला आणि साऱ्या टोपलीला ऐकवला. उपासाला चालतं काय? फळ! ते तर तो जन्मापासून खात होता. आता अशक्तपणा यायला नको म्हणून दुप्पट चापू लागला.

"अरे, याला उपास म्हणतात होय?" आजी म्हणाली.

"आजी, व्रताला नावं ठेवू नयेत," हिरोजीनं भरल्या तोंडानं बजावलं.

पाचव्या दिवशी तो केळ्यावरच आडवा झाला. सारं गोत जमलं, हळहळलं. "इतका कडक उपास करूनही गेला बिचारा! उपासात काही अर्थ नाही बघा."

मग त्याच केळ्यावर पंगत बसली. आजी नेहमीसारखी लवकर उठली, तेव्हा सगळे म्हणाले, "एकेकीचं नशीबच असतं बाई!"