अध्याय नसलेले वचन

एकदा एक शिष्य आपल्या गुरूकडे एका वचनाचा पत्ता विचारायला गेला. वचन त्याला तोंडपाठ होते. ते पवित्र शास्त्रात कुठे आहे, तेवढे सापडत नव्हते.

गुरू म्हणजे एका तालुक्याच्या गावातले म्हातारे पाळकबुवा. चाळीस वर्षे ख्रिस्ती मंडळीची सेवा करून ते निवृत्त झाले होते आणि प्रार्थनामंदिरामागच्या दोन खोल्यांत एकटेच राहत होते. शिष्याचे नाव शांतवन. शाळेत मास्तर, आणि बुवांच्या हाताखाली उपदेशकाचे शिक्षण घेणारा. माणूस मनाचा निर्मळ आणि मोठा वाचनवेडा. मंडळीच्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे असायची, आणि त्या कपाटातली एकूण एक ख्रिस्ती कादंबरी त्याने निदान दोनदा तरी वाचलेली होती. वाचताना तो रडायचाही. ज्या पुस्तकाने रडवले ते पुस्तक देवाचे, असा त्याचा साधासरळ न्याय होता.

त्या कपाटातल्या एका कादंबरीत एका आईचा मुलगा मरणाला टेकतो. डोंगरावरून एक पांढऱ्या दाढीचा साधू येतो आणि तिला म्हणतो, “मी तुम्हांस खचित सांगतो, जिच्या प्रार्थनेस खंड पडला नाही, तिच्या लेकराची खाट रिकामी होणार नाही.” आई सात दिवस गुडघ्यांवरून उठत नाही आणि सातव्या दिवशी मुलगा उठून पाणी मागतो. शांतवनने या वाक्याखाली तांबड्या पेन्सिलीने रेघ ओढली होती. आपल्या मंडळ्यांतल्या माणसांना शास्त्राच्या जुन्या भाषांतराची भाषा लहानपणापासून कानी पडलेली असते. ‘तुम्हांस’ आणि ‘खचित’ एवढे दोन शब्द आले की मान आपोआप खाली जाते. हे वाक्य शास्त्रातूनच घेतले असणार, याविषयी शांतवनच्या मनात शंकासुद्धा आली नाही.

पुढे मंडळीतल्या तबीथाबाईंची मुलगी आजारी पडली. नओमी तिचे नाव, वय नऊ वर्षांचे. संडेस्कूलमध्ये पेटीवर शांतवन मास्तरांचा सूर चुकला की सगळ्यांत आधी ही हसायची, आणि मास्तरांनाही त्याचे कौतुक वाटायचे. तिला मेंदूज्वर झाला. तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात ठेवले, तेव्हा मंडळीची दहाबारा माणसे प्रार्थनेला गेली. बुवाही होते. शांतवनने मुलीच्या उशाशी उभे राहून, डोळे मिटून, भरल्या गळ्याने ते वाक्य म्हटले. “देवाचं वचन आहे हे,” असेही म्हणाला. सगळ्यांनी आमेन म्हटले.

तबीथाबाईंनी ते वचन घट्ट धरले. दहा दिवस त्यांचे ओठ थांबले नाहीत. खाताना, औषध आणायला जाताना, मुलीचे अंग पुसताना प्रार्थना चालूच. अकराव्या दिवशी दुपारी खाटेजवळच्या स्टुलावर बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. अर्धा तास लागला असेल, जास्त नाही. जाग आली तेव्हा परिचारिका मुलीच्या तोंडावर चादर ओढत होती.

दफनाला दोन महिने होऊन गेल्यावर तबीथाबाई शांतवनच्या शाळेत आल्या. मधली सुट्टी होती. बाई वाळून काटकुळ्या झाल्या होत्या. पदर सावरत त्या म्हणाल्या, “सलाम, मास्तर. कबरेचा दगड घडवायला टाकलाय. त्यावर ते वचन घालायचंय, तुम्ही दवाखान्यात म्हटलेलं. पाथरवट म्हणतो, खाली अध्याय अन् वचनाचा आकडा लागतो. तेवढा लिहून द्या.”

शांतवनला काही उमजेना. “ते वचन कबरेवर कशाला, ताई?”

“लोकांनी वाचावं म्हणून,” बाई शांतपणे म्हणाल्या. “म्हणजे दुसरी कुणी आई झोपायची नाही.”

त्या निघून गेल्या. सुट्टी संपल्याची घंटा झाली, पोरे वर्गात जाऊन गोंधळ घालू लागली, तरी शांतवन तिथेच उभा होता. त्या दिवशी घरी येऊन त्याने शास्त्राची शब्दसूची काढली. ‘खाट’ पाहिले, ‘खंड’ पाहिले, ‘लेकरू’ पाहिले. संदेष्ट्यांची पुस्तके चाळली, प्रेषितांची पत्रे चाळली. तीन दिवस शाळेतून आला की तो शास्त्र उघडून बसे. चौथ्या दिवशी बुधवार होता. बुवांना नक्की ठाऊक असेल अशी एक आशा उरली होती. तो बुवांकडे गेला आणि त्याने सगळे सांगितले.

बुवांनी ऐकून घेतले. त्यांचा चेहरा उतरला, पण ते बोलले एवढेच, “चार वाजता शास्त्राभ्यास आहे. चल.”

शास्त्राभ्यासाला नेहमीची पंधरावीस माणसे होती, बहुतेक बायका आणि म्हातारे. बुवा उभे राहिले. त्यांनी चष्मा पुसला, समोरचे जाड पुस्तक उघडले आणि आपल्या खर्जातल्या आवाजात म्हटले, “मी तुम्हांस खचित सांगतो, जो आपल्या दारी शेवगा लावितो व संध्याकाळी त्यास पाणी घालितो, त्याच्या घरात सात वर्षे रोग शिरणार नाही.”

“आमेन,” सगळी सभा एका आवाजात म्हणाली. शांतवनही म्हणाला.

बुवांनी पुस्तक मिटले, छोटीशी प्रार्थना केली आणि आज एवढेच म्हणून सभा सोडून दिली. जाताना दोघी बायका शेवग्याची फांदी कुणाच्या परसातून आणता येईल हे बोलत होत्या. एका आजीने तर अध्याय कोणता म्हणून विचारले. बुवा म्हणाले, “पुढच्या बुधवारी सांगतो, आजी.”

शांतवन चक्रावला होता. बुवा थकले, की त्यांचे डोके चालेनासे झाले? मंदिर रिकामे झाल्यावर त्याने भीत भीत विचारले, “बुवा, शेवग्याचं हे वचन मी कधी वाचलं नाही. कुठलं आहे?”

“माझं आहे,” बुवा म्हणाले. “चष्मा पुसता पुसता रचलं.”

शांतवन पुढच्या बाकावर बसला. बुवा त्याच्याजवळ येऊन बसले. मग हळूहळू बोलू लागले.

“पुढच्या बुधवारी मी त्या सगळ्यांची माफी मागणार आहे. तोवर दोघीतिघी शेवगा लावतील. लावू देत, शेंगा खातील. तुझ्या वाक्याने मात्र एका बाईच्या मनात असं घातलं, की तिच्या अर्ध्या तासाच्या डुलकीने तिची मुलगी मेली. शांतवन, तू खोटा नाहीस. तू कानाने ऐकलंस आणि डोळ्यांत पाणी आलं म्हणून खरं मानलंस. डोळे भरले की अक्षरं धूसर दिसतात बाबा. तेव्हाच पुस्तक जरा लांब धरावं.”

“म्हणजे मी कादंबऱ्या वाचायला नकोत?” शांतवनने विचारले.

“वाच की. प्रभूने स्वतः किती गोष्टी सांगितल्या! गोष्टीचं मला वावडं नाही. पण गोष्टीतही एक देव असतो, लेखकाने उभा केलेला. वाचून झालं की त्या देवाकडे नीट बघायचं. तुझ्या कादंबरीतला देव कसा आहे? तो आईच्या जागरणाची घटका मोजत बसलाय. ती दमून झोपली, की तिचं लेकरू हिसकावून घेतो. हा देव शास्त्रात तुला कुठे भेटला? अरे, प्रभू धरला गेला त्या रात्री बागेत त्याचे सगळ्यांत जवळचे सोबती झोपले होते. जागे राहा म्हणून त्याने सांगितलं होतं, तरी झोपले. तो दुखावला, पण त्यांना टाकलं का त्याने? ते झोपले म्हणून जगाचं तारण अडलं का? आपलं तारण आपल्या जागरणावर टांगलेलं असतं, तर आपल्यातलं कोण वाचलं असतं?”

बुवा थांबले. चष्मा काढून त्यांनी बाकावर ठेवला.

“आणि दोष तुझ्या एकट्याचा नाही. दवाखान्यात मीही होतो. तुझं वाक्य माझ्या कानाला खटकलं होतं. पण वाटलं, पोर एवढी आजारी, आईबाप रडताहेत, आता कुठे चूक काढत बसायची. मीही आमेन म्हणालो. चाळीस वर्षं शास्त्र शिकवलेल्या माणसाने म्हटल्यावर त्या बाईने शंका तरी का घ्यावी? हे मला आता देवापुढे न्यावं लागेल.”

शांतवनने तोंड ओंजळीत झाकून घेतले. थोड्या वेळाने म्हणाला, “आता काय करू?”

“वचनाचा पत्ता तिला सांगायचाय ना? जो खरा पत्ता आहे तो सांग. आणि जाताना दुसरं वचन खिशात घेऊन जाऊ नकोस. निदान आज तरी.”

शांतवन दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. शाळेतून रजा काढली. तबीथाबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी सुपाजवळची जागा पुसून त्याला बसायला सांगितले आणि विचारले, “सापडलं का, मास्तर?”

“ताई, ते वचन शास्त्रात नाही.”

“नीट पाहिलंत?”

“नीट पाहिलं. ते एका कादंबरीत आहे. लेखकाने रचलेलं. मला आवडलं, खरं वाटलं, आणि मी तुमच्या मुलीच्या उशाशी उभं राहून ते देवाच्या नावावर खपवलं. चूक माझी आहे. तुम्ही झोपलात म्हणून नओमी गेली नाही.”

बाईंचे हात शेंगा सोलतच राहिले. दाणे सुपात पडत होते. मग त्यांनी विचारले, “मी जागी असते तरी?”

“तरी गेली असती. तो ताप तसलाच होता.” मग त्याने बागेतल्या सोबत्यांची गोष्ट सांगितली, बुवांनी सांगितली तशी. बाईंनी ती शंभरदा ऐकलेली होती. पण त्या झोपलेल्यांत आपल्यालाही जागा आहे, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. त्यांचे हात थांबले.

“मग का गेली माझी पोर?” त्या म्हणाल्या. “माझ्या चुकीने गेली असं वाटायचं, तेव्हा निदान कारण तरी होतं. आता का गेली म्हणू?”

शांतवनच्या जिभेवर सवयीने चारपाच उत्तरे आली. एकेक उत्तर गोड होते, कुठल्या ना कुठल्या पुस्तकात वाचलेले. त्याने ती सगळी गिळली.

“मला ठाऊक नाही, ताई,” तो म्हणाला.

तेव्हा तबीथाबाई रडल्या. दफनाच्या दिवशी त्या रडल्या नव्हत्या. आपल्या हाताने लेक घालवलेल्या बाईने चारचौघांत रडावे कसे, असे त्यांना वाटत होते. आता त्या पदर तोंडात कोंबून, पाठ गदागदा हलवत रडल्या आणि शांतवनही त्यांच्यासमोर बसून रडला. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “हे यांना सांगाल का? माझ्या हातचं जेवतात, पण दोन महिने झाले, माझ्याकडे बघत नाहीत.”

बाईंचा नवरा सिलास. बाजारात त्याचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. शांतवन तिथून थेट दुकानी गेला. सिलास एका चाकाच्या तारा आवळत बसला होता. शांतवनने उभ्याउभ्याच सगळे सांगितले, काही लपवले नाही आणि स्वतःला वाचवलेही नाही. सिलासने मान वर केली नाही. चाक एकदा फिरवून पाहिले, पुन्हा एक तार आवळली. आता हा आपल्याला मारतो की काय, असे शांतवनला वाटले; आणि मारले असते तर बरे वाटले असते.

“त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने आमेन मीच म्हणालो होतो,” सिलास शेवटी म्हणाला. “ती झोपली, अन् मी जागा होतो. बाहेर व्हरांड्यात. मला वाटायचं, हिला एवढं एक काम जमलं नाही.” त्याने पाना खाली ठेवला. “मी तोंड फिरवलं, तरी ती मला कधी काही बोलली नाही, मास्तर. एकदासुद्धा नाही.”

सकाळचे अकरा वाजले होते. बाजाराचा दिवस होता, दुरुस्तीला आलेल्या चार सायकली भिंतीला टेकून उभ्या होत्या. सिलासने तेलकट हात चिंधीला पुसले, दुकानाचे शटर अर्धवट ओढले, पुढे गेला, पुन्हा येऊन पूर्ण ओढले, आणि घराच्या रस्त्याला लागला. आधी तो चालत होता. पाण्याच्या टाकीजवळ पोचल्यावर तो पळू लागला.