नवी गाडी आणि पडशी

“तू आधी उतर खाली. तुझ्या ओझ्यानंच माझं मायलेज पडतंय,” लांबच्या प्रवासासाठी घेतलेली नवीकोरी मोटारसायकल मागे लटकवलेल्या सामानाच्या पडशीवर पुन्हा खेकसली. यंत्रांना आणि सामानालाही वाचा होती तेव्हाची ही गोष्ट. घाटाखालच्या पंपावर मालक नाथू बायकोला म्हणाला होता, “कंपनी सांगते तेवढं ही कुठे देते? घरी गेलो की विकून टाकू.” तेव्हापासून गाडीच्या जिवाला घोर लागला होता. वाऱ्याला, चढाला, मागे बसणाऱ्या बाईला, सगळ्यांना बोल लावून झाला, उरली पडशी.

“सपाट रस्त्यावर मला एकटीला पळवून बघा म्हणावं.”

पडशी म्हणाली, “पोरी, सपाटीवर एकट्यानं पळायला त्याची सायकल होती की. आम्हा सगळ्यांना घेऊन हा घाट चढलीस, तरच तो तुला ठेवील.”