धुनीत राखलेली लाकडं

सह्याद्रीच्या पायथ्याशी शिवणखोल नावाची एक वाडी होती. समोर नदी, मागे डोंगर, आणि पावसाळ्यात वर-खाली नुसतं पाणी. वाडीच्या वरच्या अंगाला वाघजाईचं जुनं देऊळ. त्या देवळाच्या पडवीत इरलेमहाराज येऊन राहिले होते. ऊन असो, थंडी असो, महाराजांच्या डोक्यावर पानांचं इरलं असायचंच. भर चैत्रात मुलं विचारायची, महाराज, पाऊस कुठाय? आणि महाराज म्हणायचे, येतोय, येतोय. एक कांबळं, एक चिमटा आणि अखंड पेटती धुनी, एवढाच त्यांचा संसार.

देवळाखालचं पहिलं घर ठकूबाईचं. मूलबाळ नाही, दीर-जाऊ नाही. नवरा गेला तो ऐन श्रावणात. वाडीच्या रीतीप्रमाणे घरटी एकेक लाकूड आलं, पण सगळं भिजलेलं. चिता नुसती धुमसत राहिली, पुन्हा पुन्हा पेटवावी लागली. त्या माउलीने तेव्हा जे डोळ्यांनी पाहिलं ते इथे सांगवत नाही. त्या दिवसापासून तिच्या मनात एकच भीती घर करून बसली. आपण पावसात मेलो तर?

म्हणून परसातला आंबा वादळात पडला तेव्हा तिने तो विकला नाही. फोडून घेतला, उन्हात वाळवला आणि पडवीत त्याची रास रचून वर नारळाची झापं घातली. ही लाकडं तिच्या स्वतःच्या सरणाची. चुलीला ती पालापाचोळा आणि काटक्या वापरी, धुराने डोळे चोळत भाकरी भाजी, पण राशीला हात लावत नसे. कुणी मुलीच्या लग्नासाठी सोन्याचे डाग जपावेत, तशी ठकूबाई लाकडं जपत होती.

शेजारी अर्जुन गावकर. वाडीचा मानकरी, पालखीला पहिला खांदा त्याचा. त्याला लाकडांची काय कमी? पण रान लांब, आणि ठकूबाईची रास हाताशी. आधी एक ढलपी गेली, मग चांगलं मनगटाएवढं लाकूड गेलं, मग रोजचंच झालं. त्याची बायको म्हणाली सुद्धा की अहो, म्हातारीने सरणाला ठेवलीत, ती चुलीत कशी घालायची? त्यावर अर्जुन म्हणाला, लाकडाला काय ठाऊक आपण कशासाठी आहोत ते.

ठकूबाईला कळत होतं. आंब्याच्या लाकडाचा धूर तिला वासावरून ओळखू येई. तो कुंपणापलीकडून आला की तिला वाटे, जणू आपणच तिकडे थोडे थोडे जळतो आहोत. शेवटी एकदा तिने त्याला हटकलंच.

‘‘उसनी नेली गं काकी,’’ अर्जुन हसत म्हणाला. ‘‘आणि तुला एवढी लागतात कशाला? तुझ्यासारख्या वाळक्या काटकीला पेंढ्याची एक मूठ पुरेल.’’

त्याच्या ओटीवर बसलेली माणसं हसली. ठकूबाई घरी आली आणि राशीला पाठ लावून बसली. त्यानंतर ती पाण्याला गेली तरी अर्ध्या वाटेवरून परत येई. जेवताना ताट घेऊन पडवीत बसे. आषाढ लागला, रास खाली बसत चालली.

अखेर ती महाराजांकडे गेली. सगळं सांगितलं, रडली, आणि म्हणाली, महाराज, त्याचा हात झडेल असं काहीतरी करा. महाराजांनी ऐकून घेतलं. चिमट्याने राख सारखी केली आणि म्हणाले, ‘‘ठके, उद्यापासून धुनीला रोज एक लाकूड आण.’’

ठकूबाई उठली. घरी येईपर्यंत तिच्या मनात एकच येत होतं, चोर बरा, तो निदान मागत तरी नव्हता! पण संतांचा शब्द मोडायचा कसा? दुसऱ्या दिवशी तिने राशीतलं सगळ्यांत वाकडं, गाठीचं लाकूड शोधून काढलं. महाराजांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि धुनीत सरकवलं. त्या कपाळाला लावण्याची तिला लाज वाटली. पुढच्या वेळी तिने जरा सरळ लाकूड आणलं, त्याच्या पुढच्या वेळी जाड. देताना प्रत्येक लाकूड पुन्हा एकदा बघून घ्यायची, पण देत राहिली.

अर्जुनाला तर आयतंच सापडलं. देवळात येऊन तो चारचौघांत म्हणाला, ‘‘काय महाराज, माझी चूल आणि तुमची धुनी, दोन्ही काकीच्याच जिवावर! मग मी चोर आणि तुम्ही साधू कसे?’’

महाराज रागावले नाहीत. म्हणाले, ‘‘अग्नी एकच आहे बाबा. फरक एवढाच, नेलेलं जळतं आणि दिलेलं राहतं.’’

कुणालाच अर्थ लागला नाही. ठकूबाईलाही नाही. तिला फक्त रास दिसत होती.

श्रावणात पावसाने कहर केला. ऊन कसं असतं ते वाडी विसरली. एका पहाटे अर्जुनाच्या घरामागची दरड खाली आली आणि त्याची लाकडांची खोपी चिखलात गाडली गेली. म्हातारी आई, बयोआजी, बरेच दिवस अंथरुणाला खिळून होती. त्याच सकाळी तिने प्राण सोडला.

घरटी लाकडं आली, पण दाबली तर पाणी गळेल अशी. नदीकाठी झापांचा मांडव घालून दोघांनी थोडी पेटवून पाहिली. नुसता धूर. दुपार झाली, तिरडी दारातच होती. आणि आपल्या पडवीत ठकूबाई कुडाला धरून उभी होती. तो धूर तिने ओळखला. असाच धूर तिने एकदा पाहिला होता.

तेवढ्यात पायरीवर अर्जुन आला. पाण्याने निथळत उभा राहिला. नजर राशीकडे होती. आणि रास होती केवढी? खालचा एक थर. धुनीला दिलेली सोडली तर बाकी सगळी त्याच्याच चुलीत गेली होती, भातासाठी, न्हाणीच्या पाण्यासाठी. आता त्यालाही ते दिसलं.

ठकूबाईच्या मनात काय कालवलं ते देवाला ठाऊक. हा थर गेला की आपलं काही उरलं नाही. आपण उद्याच मेलो तर? तिने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे बयोआजी आली, आणि तिच्यामागे तो जुना श्रावण.

‘‘ने,’’ ती म्हणाली. ‘‘या वेळी दारात येऊन उभा राहिलास, एवढं पुरे.’’

पण तो थर पुरणार कुठून? ठकूबाई तशीच भिजत देवळात गेली आणि महाराजांना म्हणाली, ‘‘माझ्यापाशी होतं ते दिलं. कमी पडतंय.’’

महाराज उठले. ‘‘गावकराला बोलाव. धुनीतली लाकडं काढायला सांग.’’

अर्जुन आला, माणसंही मागोमाग आली. धुनीत राखेच्या ढिगाशिवाय काही दिसत नव्हतं. महाराजांनी चिमट्याने राख बाजूला सारली आणि सगळे पुढे वाकले. राखेखाली आंब्याची लाकडं होती! ठकूबाईने एकेक करून दिलेली, सगळी. टोकं तेवढी काळी, बाकी अंग कोरडं ठणठणीत. सर्वांत वर ते वाकडं, गाठीचं. ठकूबाईने त्यावरून हात फिरवला, जसा हरवून सापडलेल्या वासराच्या पाठीवरून फिरवावा.

बयोआजीची चिता एका काडीत पेटली. वरून पाऊस कोसळत होता, झापं उडून गेली, पण ज्वाळा सरळ वर जात राहिल्या. धूर असा झालाच नाही.

संध्याकाळी अर्जुन देवळात येऊन महाराजांच्या पायांवर कोसळला. महाराजांनी पाय मागे घेतले. ‘‘माझ्या पाया कसला पडतोस? लाकडं कुणाची?’’

ज्याच्यापुढे अख्खी वाडी वाकत असे, तो गावकर वळला आणि त्याने ठकूबाईच्या चिखलाने भरलेल्या पावलांवर डोकं ठेवलं. ती बिचारी संकोचली. पण स्वभाव कुठे जातो? डोळे पुसता पुसता ती म्हणालीच, ‘‘महाराज, माझी रास मात्र संपली हो.’’

‘‘ऐकलंस?’’ महाराज अर्जुनाला एवढंच म्हणाले.

दिवाळीनंतर अर्जुनाने स्वतःच्या बागेतला आंबा तोडला आणि त्याची लाकडं आपल्याच घरात, चुलीवरच्या माळ्यावर रचली. तिथे पाण्याचा थेंबही पोचत नसे. ठकूबाई एक दिवसाआड येऊन मान वर करून बघून जाई. आत येण्याआधीच अर्जुनाची बायको सांगे, आहेत हो काकी, सगळी आहेत. तरी बघितल्याशिवाय ती जायची नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी, भर आषाढात, ठकूबाईने देह ठेवला. मडकं अर्जुनाने धरलं, खांदाही पहिला त्याचाच. माळ्यावरची सगळी लाकडं उतरवली गेली, एकही मागे ठेवलं नाही. पाऊस होता. काडी एकच लागली.

लोक परतायला लागले तरी अर्जुन ज्वाळांसमोर हात जोडून, मान खाली घालून उभा होता.

‘‘काकी,’’ तो हळूच म्हणाला, ‘‘उसनी नेलेली परत केली गं.’’