दोनशे चारचा विषय

नव्या कॉलेजात तीन आठवडे वैजयंतीशी कुणी आपणहून बोललं नव्हतं. आज बोलले ते विभागप्रमुख कानडे सर, ज्यांच्यापुढे प्राचार्यही दबून असत.

"जुन्या कॉलेजातले या विषयाचे श्रेयांक इथे चालणार नाहीत. वर्ष पुन्हा करा."

"सर, दोन्हीकडे विषयाचा क्रमांक दोनशे चारच आहे."

"क्रमांक सारखा म्हणून शिकवणं सारखं होतं का, मॅडम?"

वैजयंतीने भिंतीवरची सूचना वाचली. 'इथून दुसऱ्या कॉलेजात जाणाऱ्यांनी निश्चिंत असावे. आपला दोनशे चार सर्वत्र ग्राह्य आहे.' खाली सही कानड्यांचीच होती.

"मग हा कागद उतरवू का, सर? तुमची मुलं उगाच भरवशावर राहतील."

सरांनी तिच्या श्रेयांकांच्या अर्जावर सही केली.

वर्ष वाचलं होतं. व्हरांड्यात सांगायला कुणी नव्हतं, म्हणून तिने ती सही स्वतःशीच दोनदा वाचली.