सरव्याचे बटाटे

सह्याद्रीच्या पायथ्याशी धामणदरा नावाचे गाव आहे. तिथल्या मारुतीच्या देवळात श्री सदोबा महाराज चार वर्षे राहिले होते, आणि तेवढ्या काळात त्यांच्या दारातून कुणी उपाशी परतल्याचे कुणालाच आठवत नाही. त्या गावी बटाटा उदंड पिके. काढणी झाली की मातीत राहिलेले बारीकसारीक बटाटे गोरगरीब वेचून नेत, त्याला सरवा म्हणत. चिमाबाई नावाच्या निराधार बाईचे पोट त्या सरव्यावरच चाले.

मार्गशीर्षातली एकादशी आली. महाराजांच्या सान्निध्यात तीनशे पानांची फराळाची पंगत ठरली. चिमाबाईला एकच आस होती, आपले चार बटाटे तरी या पंगतीला लागावेत! सकाळीच ती टोपली डोक्यावर घेऊन आली. दोन महिन्यांपूर्वी वेचलेले ते बटाटे सुरकुतले होते, काहींना कोंब फुटले होते.

स्वयंपाक तालुक्याहून आणलेल्या नारोपंत आचाऱ्यांकडे होता. हाताला चव होती, पण जिभेला हाड नव्हते! टोपलीत डोकावून ते मोठ्याने हसले.

"बाई, हे बटाटे की जायफळं? हजार पंगती उठवल्यात मी. असला कचरा माझ्या चुलीवर चढायचा नाही!"

भोवतालचे लोकही हसले. चिमाबाईच्या डोळ्यांत पाणी आले. ओट्यावर बसलेले महाराज एवढेच म्हणाले, "चिमामाई, टोपली इथे माझ्याजवळ ठेव."

पंतांनी भांडारातले होते नव्हते तेवढे बटाटे, चांगली तीन पोती, चिरून घेतली. फोडणी देता देता ते कुठल्याशा इनामदाराच्या घरच्या लग्नात आपल्या भाजीची कशी वाहवा झाली, ते रंगवून सांगू लागले. तोंड चालू होते, तसे हातही चालू होते. मोहरी तडतडली, हळद पडली, सगळ्या फोडी त्यात उलटल्या. तेवढ्यात एक म्हातारी ओरडली, "आगं बया! आज एकादस हाय, आन् भाजीत हळद?"

पंतांच्या हातातला झारा गळून पडला. उपासाला हळद-मोहरी चालत नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि हजार पंगती उठवणाऱ्याच्या हातून हे घडावे! लग्नाच्या जेवणावळींचे हाताला लागलेले वळण, दुसरे काय. बाजार सहा कोसांवर, बाहेर पाने मांडलेली, आणि माणसे पहाटेपासून निरंकार.

"महाराज, तोंड दाखवायला जागा राहिली नाही," पंत रडकुंडीला येऊन म्हणाले.

महाराज म्हणाले, "ती भाजी झाकून ठेवा. थंडीचे दिवस आहेत, टिकेल. उद्या द्वादशीला तिचे गोळे करून बेसनात बुडवून तळू. अन्न टाकायचे नाही. आजचे चिमामाई बघेल. तुम्ही तिच्या हाताखाली बसा." आणि त्यांनी टोपलीवर हात ठेवून क्षणभर डोळे मिटले.

"म्हाराज, येक तर टोपली हाय. तीनशे पानांस्नी कशी पुरंल?" चिमाबाई घाबरून म्हणाली.

"तू चूल पेटव, माई."

चिमाबाईने पदर खोचला. कोंब आणि हिरवे डाग कोरून टाकले आणि बटाटे सालासकट उकडायला घातले. "आचारीबुवा, सुरकुतलेला बटाटा आधी सोलू नगा. उकडला म्हंजी साल आपसूक हातात येती," ती सांगे आणि पंत मुकाट्याने ऐकत. अख्ख्या राहिलेल्या बटाट्यांची तुपा-जिऱ्यावर मिरची घालून भाजी झाली. फुटलेले बटाटे वरीचे पीठ आणि दाण्याचे कूट घालून कालवले, ते थालीपिठाला लागले. ज्यांचा अगदीच लगदा झाला, त्यांचा साखर-तूप घालून शिरा. एक कण वाया गेला नाही.

आणि काय सांगावे! उकडलेल्या बटाट्यांचे पातेले संपले म्हणावे, तर सोलत बसलेल्या पंतांच्या हाताला तळाशी आणखी गरम बटाटे लागत. पहिली पंगत उठली, दुसरी उठली, तिसरी ढेकर देऊन उठली. तीनशे माणसे तृप्त झाली!

मग पंतांचे लक्ष सालींकडे गेले. साली पाहून बटाट्यांचा अंदाज सांगणारा तो आचारी. एवढ्या पंगतीला सालींचा ढीग हवा. सगळे बटाटे त्यांनी स्वतःच्या हातांनी सोलले होते, आणि पुढ्यात साली होत्या जेमतेम एका टोपलीच्या! त्यांच्या अंगावर काटा आला. धावत जाऊन त्यांनी महाराजांचे पाय धरले.

महाराज म्हणाले, "या माउलीने मातीतला एकेक बटाटा देवाचे नाव घेत वेचला. पंत, तुम्ही तीन पोती चिरताना कुणाचे नाव घेतलेत?"

पंतांनी मान खाली घातली.

"माझंच, महाराज."

ते उठले आणि सगळ्या गावादेखत चिमाबाईपुढे त्यांनी जमिनीवर डोके टेकले. ती बिचारी पाय मागे घेत म्हणाली, "उठा बुवा, सकाळधरनं तुमीबी उपाशीच हायसा." आणि तिने शिऱ्याचे पान त्यांच्यापुढे ठेवले. पंतांनी त्या पानालाही हात जोडले, आणि मगच पहिला घास घेतला.