पावती न मागण्याचा मान

वसतिगृहाचा निधी विश्वस्त भालचंद्रराव खर्शीकरांनी हडपला आणि सदतीस मुलींची शाळा सुटली. कोर्टाने पाच वर्षांची कैद आणि भरपाई सुनावली.

अपिलात त्यांचे नामांकित वकील ऐटीत म्हणाले, "शिक्षा कमी करा, साहेब. हा माणूस इतका प्रतिष्ठित, की देणगी देताना तालुक्यात कुणी यांच्याकडे पावतीसुद्धा मागितली नाही!"

मुलींची तरुण वकील रेवती घोलप ताडकन उठली. "अगदी खरं, साहेब! पावती मागितली असती, तर यांना चोरी जमलीच नसती. दरोडेखोर कोयता आणतो, यांनी प्रतिष्ठा आणली. हत्यार चकचकीत होतं म्हणून शिक्षा कमी करायची?"

न्यायाधीशांनाही हसू आवरेना. शिक्षा भरपाईसकट कायम झाली आणि जूनमध्ये मुली शाळेत परतल्या.